झळा, सुया आणि अर्धा तास

आधी जरा वाका. उजव्या पायाचा आतला घोटा हाताला लागतोय ना? त्याच्या टोकावर करंगळी आडवी ठेवा आणि चारही बोटं एकमेकांना चिकटवून वरच्या बाजूला मांडा. तर्जनीची वरची कड जिथे येते, तिथे नडगीच्या हाडाच्या अगदी मागे अंगठ्यानं दाबा. दुखलं? मला इथून दिसतंय, पहिल्या दोन रांगांतल्या निम्म्या जणींनी तोंड वाकडं केलं. मागे बसलेल्या दोन-तीन पुरुषांनीही केलं, तेव्हा दुखलं म्हणून कुणी आपलं निदान करून घेऊ नका.

या जागेचं चिनी नाव सानयिन्जियाओ. चिनी वैद्यकाच्या कल्पनेप्रमाणे शरीरात ‘छी’ म्हणजे प्राणशक्ती वाहिन्यांतून फिरते. त्यातल्या तीन ‘यिन’ वाहिन्या जिथे एकमेकींना भेटतात ती ही जागा. पाळीच्या जवळपास प्रत्येक तक्रारीत, आणि पाळी जाताना, म्हणजे मेनोपॉजच्या वेळी, अंगावर येणाऱ्या गरम झळांसारख्या तक्रारींत तर हमखास, इथे ॲक्युपंक्चरची सुई लागते. केसाहून जाड, पाव मिलिमीटरच्या आसपास. ती आत गेल्यावर टोचल्यासारखं वाटत नाही, एक जड, बोथट ओढ जाणवते. चिनी वैद्य त्याला ‘द-छी’ म्हणतात, म्हणजे छी आली, सुई लागू पडली.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. मी सुया टोचत नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या बायका टोचून घेतात, आणि आधी मला विचारत नाहीत, नंतर सांगतात. त्यामुळे हा विषय मला शिकावाच लागला. सुरुवात झाली ती एका किडनीवरून. पन्नाशीच्या एक बाई हातात कागद घेऊन, घाबऱ्याघुबऱ्या होऊन आल्या. सुयावाल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, ‘तुमची किडनी कमजोर झालीय.’ त्यांनी स्वतःच जाऊन क्रिएटिनिन, म्हणजे किडनीसाठीची रक्ततपासणी, करून घेतलं होतं. रिपोर्ट ठणठणीत. मग कोण खोटं बोलतंय, लॅब की डॉक्टर?

कुणीच नाही. चिनी वैद्यकात ‘शन’ म्हणजे किडनी खरी, पण ती रक्त गाळणारी, पोटात मागे असलेली किडनी नव्हे. वाढ, दात, हाडं, केस, मूल होण्याची ताकद आणि म्हातारपण, हे सगळं त्या एका शब्दात बांधलेलं आहे. भाषांतर करणाऱ्यांनी ‘किडनी’ लिहिलं आणि आपण रक्ताची तपासणी करून आलो. आपल्याकडे ‘वात झालाय’ म्हटल्यावर कुणी वारा मोजायला जात नाही, तसंच हे.

आता ‘किडनीचं यिन कमी झालं’ म्हणजे काय? चुलीवर भांडं आहे, खाली आच आहे. पाणी भरपूर आहे तोवर सगळं ठीक. पाणी आटलं की तीच आच भांडं करपवते. आच वाढलेली नाही, हे लक्षात घ्या. पाणी कमी झालंय. यिन म्हणजे ते पाणी. वय वाढतं तसं ते आटतं आणि मग रिकाम्या भांड्याचा ताप वर चढतो. छातीवर, मानेवर, चेहऱ्यावर. रात्री घाम फुटतो, तळहात-तळपाय जळजळतात, झोप मोडते.

आता आमच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा. आपल्या मेंदूत, हायपोथॅलॅमसमध्ये, शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा आहे. तिला थोडा चढउतार चालतो. एका मर्यादेच्या वर गेलं तर घाम, खाली गेलं तर कुडकुडी, मधल्या पट्ट्यात काहीच नाही. ज्या बायकांना झळा येत नाहीत त्यांच्यात हा मधला पट्टा सुमारे ०.४ अंश सेल्सिअसचा मोजला गेला. ज्यांना येतात त्यांच्यात तो जवळजवळ शून्य. म्हणजे अंगातली उष्णता फार वाढलेली नसतेच. सहन करण्याची जागा आकसलेली असते. एक घोट गरम चहा, एक चिडकं वाक्य, आणि मेंदू सगळ्या खिडक्या एकदम उघडतो: कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा लाल होतो, घाम सुटतो. दोन-चार मिनिटांत आटोपतं आणि ओल्या ब्लाउजमध्ये थंडी वाजू लागते. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन उतरल्यावर तिथल्या काही चेतापेशी बेलगाम होतात, हे आता बरंच उलगडलंय. त्याच पेशींचा निरोप अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूरही झालं, आणि त्यात हार्मोन नाही.

आच तीच, पाणी आटलेलं. उष्णता तीच, पट्टा आकसलेला. मला ही दोन चित्रं शेजारी ठेवायला फार आवडतात. पण चित्र जुळलं म्हणून उपचार सिद्ध होत नाही. कवीचं निरीक्षण बरोबर असतं म्हणून त्याच्याकडून आपण इंजेक्शन घेत नाही.

‘हजारो वर्षांचा मेनोपॉजवरचा चिनी उपचार’ असं माहितीपत्रकांवर छापलेलं असतं, तेही जरा तपासू. ‘हुआंगदी नेइजिंग’ हा त्यांचा मूळ ग्रंथ, साधारण दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेला. त्याच्या सुरुवातीलाच सम्राट आपल्या वैद्याला विचारतो की वय झाल्यावर माणसांना मूल का होत नाही. वैद्य बाईचं आयुष्य सात-सात वर्षांनी मोजतो. सातव्या वर्षी दुधाचे दात पडतात. चौदाव्या वर्षी पाळी येते. पस्तिसाव्या वर्षी चेहऱ्याची कळा उतरू लागते, केस गळू लागतात. (इथे हसू नका, वैद्य पुरुष होता.) आणि एकोणपन्नासाव्या वर्षी पाळी थांबते. पाश्चात्य देशांत आजचा मध्यक ५१ च्या आसपास आहे, म्हणजे म्हाताऱ्याचा नेम फारसा चुकला नव्हता. पण त्या उताऱ्यात झळा नाहीत, घाम नाही, औषधही नाही. एकोणपन्नासावं वर्ष तिथे रोग म्हणून येतच नाही, ऋतू बदलावा तसं येतं.

‘रजोनिवृत्तीचा विकार’ असं वेगळं प्रकरण चिनी वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत शिरलं ते विसाव्या शतकात, आधुनिक वैद्यकाशी गाठ पडल्यावर. या तक्रारींसाठी सर्वांत प्रसिद्ध काढा आहे ‘अर-शिएन-थांग’, दोन अमरांचा काढा. नाव पुराणातलं वाटतं ना? तो १९५०च्या दशकात शांघायमध्ये तयार झाला. माझ्या आईच्या पिढीचा! त्यातल्या दोन ‘अमरां’पैकी एक म्हणजे आपली काळी मुसळी. दुसरं नेहमीचं औषध लिउ-वेइ-दी-हुआंग-वान, सहा घटकांच्या गोळ्या. त्या सोंग राजवटीतल्या छियान यी या बालरोगवैद्याच्या. १११९ सालच्या ग्रंथात त्या लहान मुलांसाठी दिल्यात, ज्यांची टाळू वेळेवर भरत नाही अशांसाठी. वाढ खुंटलेल्या बाळाला आणि पाळी गेलेल्या बाईला एकच गोळी, कारण दोघांचं दुखणं ‘शन’चं. तर्क आतून बघितला तर चोख आहे.

काढ्यांबद्दल मी फार वेळ घेणार नाही, कारण निकाल फारसा चांगला नाही. कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासते. तिच्या २०१६ च्या आढाव्यात २२ चाचण्या आणि २९०२ बायका होत्या. झळांच्या बाबतीत चिनी औषधी आणि नकली औषध यांत ठळक फरक दिसला नाही. दांगग्वेइ ही ‘बायकांची मुळी’ म्हणून विकली जाते. १९९७ मध्ये ७१ बायकांवर चोवीस आठवडे तपासली, आणि ती एकटी दिली तर नकली गोळीइतकीच चालली. चिनी वैद्य म्हणतात की आम्ही ती एकटी कधी देतच नाही, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण दुकानात बाटलीत मिळते ती एकटीच. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर तिला हातही लावू नका. आणि बेल्जियमची गोष्ट विसरू नका. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी चुकून दुसरीच, ॲरिस्टोलोकिया कुळातली, गेली. नावं जवळजवळ सारखी. शंभराच्या आसपास बायकांच्या किडन्या गेल्या. या वेळी खऱ्याखुऱ्या, पोटातल्या किडन्या.

आता सुया. इथे मात्र गंमत आहे.

अमेरिकेतली एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. २०९ बायका. एका गटाला सहा महिन्यांत वीसपर्यंत बैठका, दुसऱ्या गटाला तूर्त काही नाही. सुयांच्या गटात झळा जवळपास ३७ टक्क्यांनी कमी, दुसऱ्या गटात ६ टक्क्यांनी वाढल्या. आणि सुया थांबवल्यावरही फायदा बराच टिकला. हे वाचून कुणीही म्हणेल, चला, टोचून घेऊ.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातली दुसरी चाचणी आली. ३२७ बायका, सगळ्यांचं चिनी पद्धतीनं निदान झालेलं: किडनीचं यिन कमी. म्हणजे ‘आमच्या पद्धतीनं तपासलंच नाही’ ही तक्रार आधीच मिटवलेली. आठ आठवड्यांत दहा बैठका. निम्म्यांना खऱ्या जागी खऱ्या सुया. उरलेल्यांना बोथट टोकाची सुई, जी कातडीला नुसती टेकते, आत जात नाही. तुम्हाला नाटकातला सुरा आठवेल, भोसकला की पातं मुठीत शिरतं. खोट्या सुयांचा एक प्रकार अगदी त्याच युक्तीवर चालतो. निकाल? दोन्ही गटांत झळा सुमारे ४० टक्क्यांनी उतरल्या. सहा महिन्यांनीही उतरलेल्याच होत्या. आणि खऱ्या-खोट्यांत फरक नाही.

याच्यावर लोक दोन प्रकारे उड्या मारतात. एक म्हणतो, बघा, थोतांड आहे. दुसरा म्हणतो, बघा, टेकवलेली सुईसुद्धा काम करते, इतकी ती विद्या थोर. मला दोघांचाही कंटाळा येतो. आकड्यांतून दिसतं ते एवढंच: बाईला बरं वाटतं, आणि ते नेमक्या बिंदूमुळे किंवा टोकामुळे वाटतं असं दाखवता आलेलं नाही. आता हे ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकू नका. झळेचं बटण मेंदूत आहे, आणि मेंदू शांत झाल्यानं झळ कमी होत असेल तर ती खरीच कमी झाली. हार्मोनच्या चाचण्यांतसुद्धा नकली गोळी घेणाऱ्यांच्या झळा सुरुवातीच्या निम्म्याहून कमी झालेल्या दिसतात. त्यातला काही भाग आपोआप ओसरण्याचाही असतो.

बैठकीत होतं काय, ते मी एकदा बाजूला बसून बघितलं. वैद्यबाईंनी नाडी तीन बोटांनी पकडली, दोन्ही मनगटांची, आणि चांगली पाच मिनिटं सोडली नाही. जीभ बघितली. विचारलं: घाम झोप लागल्यावर येतो की जाग आल्यावर? पहाटे किती वाजता जाग येते? तहान लागते तेव्हा गार पाणी हवंसं वाटतं का? रडू येतं का? मग घोट्याशी, मनगटाशी, भुवयांच्या मध्ये सुया, अंधुक दिवा आणि पंचवीस मिनिटं कुणी हाक मारायची नाही. मी माझ्या ओपीडीत बाईला किती वेळ देते? सात मिनिटं, त्यातली दोन ती चपला काढण्यात आणि पिशवी ठेवण्यात घालवते. ‘रडू येतं का’ हे मी वर्षानुवर्षं विचारलंच नव्हतं.

मग कुणी जावं? माझं मत सांगते, ते मत म्हणूनच घ्या. झळांनी हैराण असाल, साठीच्या आत असाल, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसतील आणि हार्मोन घ्यायला वैद्यकीय अडचण नसेल, तर हार्मोनची गोळी किंवा पॅच यांच्याशी सुई स्पर्धा करू शकत नाही. त्यानं झळा नकली गोळीच्या तुलनेत ७५ टक्क्यांनी कमी होतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाची, हार्मोननं स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो अशी, बातमी आल्यावर एक अख्खी पिढी हार्मोनला घाबरली. ती भीती पुढे बरीचशी सावरली गेली, पण बायकांपर्यंत बातमी पोचली, सावरासावर पोचली नाही. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बाईला मात्र हार्मोन सहसा देता येत नाहीत, आणि तिच्या झळा औषधांमुळे आणखी वाईट असतात. तिथे मी सुयांना आनंदानं होकार देते. २०१० मध्ये अशा ५० बायकांवरच्या एका छोट्या चाचणीत ॲक्युपंक्चर व्हेन्लाफॅक्सिन या, मुळात नैराश्यावरच्या, गोळीइतकं चाललं, आणि गोळीचा त्रास टळला. एक उलट बाजूही सांगायला हवी: मेनोपॉजच्या तज्ज्ञांच्या उत्तर अमेरिकेतल्या संघटनेनं २०२३ मध्ये हार्मोनविरहित उपचारांची यादी काढली, त्यात ॲक्युपंक्चरची शिफारस केलेली नाही.

सुई एकदाच वापरायची, समोर पाकीट फोडून, ही अट सोडू नका. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, तर सुयांच्या टेबलावर चढू नका. आधी तपासणी. हाडं ठिसूळ होणंही सुईनं थांबतं असं मानू नका.

चिठ्ठी आलीय: ‘मॅडम, तुम्ही स्वतः घेतलंत का?’ हो, घेतलं. दहा बैठका. आधी दोन आठवडे वहीत रोजच्या झळा लिहिल्या, सरासरी सात. शेवटी चार. बोथट सुईनंही चारच झाल्या असत्या का, ते मला कळायला मार्ग नाही. मात्र फोन बाहेरच्या टोपलीत ठेवायला लावायचे, आणि सहाव्या बैठकीला मी अशी काही झोपले, की सुया काढायला आलेल्या मुलीला वाटलं पडद्यामागे मशीन चालू राहिलंय.