टांगेवाल्याची गोष्ट अर्धीच सांगतात! महाशय धर्मपाल गुलाटी आणि एमडीएच

नमस्कार मंडळी! कसे आहात? लाल पगडी, पांढऱ्याशुभ्र मिशा, गळ्यात मोत्यांच्या माळा. मसाल्याच्या पाकिटावरच्या या आजोबांवर व्हिडिओ करा, करा म्हणून तुम्ही कमेंटमध्ये माझा जीव खाल्लात. त्यात मध्यंतरी त्यांच्या टांग्याचं ते रील फिरलं, आणि माझा इनबॉक्स त्याच रीलने भरला. ते रील बघून माझं डोकं फिरलं, म्हणून आज बसलोय.

आधी पटापट माहिती. धर्मपाल गुलाटी, जन्म २७ मार्च १९२३, सियालकोट, म्हणजे आत्ताचा पाकिस्तान. वडील महाशय चुन्नीलाल. घर आर्य समाजी. शाळा पाचवी पूर्ण व्हायच्या आत सुटली, १९३३ मध्ये. १९४७ ला फाळणी, अमृतसरच्या छावणीतून दिल्ली. टांगा, मग खोका, मग कारखाना, मग कंपनी. २०१९ ला पद्मभूषण. ३ डिसेंबर २०२० ला निधन, वय ९७. झालं. हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, त्यासाठी मी कशाला हवा?

आता मुद्द्यावर येतो. ते रील म्हणतं, "पाचवी नापास माणूस, खिशात १५०० रुपये, शून्यातून उभं केलं मसाल्याचं साम्राज्य." खाली हजारो अग्निचिन्हं. आणि एका पोराची कमेंट: "सर, मी पण बारावी सोडतोय, धंदा करणार." अरे बाबा, थांब. आधी पूर्ण ऐक.

शून्यातून? सियालकोटमध्ये 'महाशियां दी हट्टी' हे वडिलांचं मसाल्याचं दुकान १९१९ पासून चालू होतं. हट्टी म्हणजे पंजाबीत दुकान. धर्मपालजींचा जन्म १९२३ चा. म्हणजे दुकान त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठं! एमडीएच ही त्याच नावाची आद्याक्षरं. दिल्लीत नवीन कंपनी जन्मली नाही, सियालकोटचं दुकान दिल्लीत पुन्हा उघडलं. रीलमध्ये नेमका हाच भाग कापलेला असतो, कारण तो ठेवला तर 'शून्य' म्हणता येत नाही.

"पण सर, टांगा तर चालवला ना?" चालवला. वडिलांनी दिलेले १५०० रुपये, त्यातले ६५० टांग्यात घातले. नवी दिल्ली स्टेशन ते कुतुब रोड, करोल बाग ते बडा हिंदूराव, भाडं दोन आणे. आता हिशोब करू. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे एका रुपयाला आठ सवाऱ्या. नुसते टांग्याचे ६५० रुपये परत यायला ५२०० सवाऱ्या! त्यात घोड्याचा दाणा-चारा धरलेला नाही, नाल धरलेली नाही. यातून कोणाचं साम्राज्य उभं राहतं? टांगा हा धंदा नव्हता, ती तात्पुरती सोय होती. पोट भरायचं, शहर बघायचं, गल्ल्या ओळखायच्या. तेही फार काळ नाही, टांगा विकून टाकला. दिल्लीत सुरुवातीला राहिले कुठे, तर भाचीच्या घरी, करोल बागेत. त्या घरात ना वीज, ना पाणी. हाल होते, मी हाल नाकारत नाहीये. फाळणीत घरदार सोडून आलेल्या माणसाचे हाल मी इथे खुर्चीत बसून काय नाकारणार? पण हालातसुद्धा डोक्यावर छप्पर दिलं ते नातेवाइकांनी, हे लक्षात घ्या.

आता दुसऱ्या बाजूने बघा. टांगा विकल्यावर करोल बागेत अजमल खान रोडवर एक लाकडी खोका घेतला, १४ फूट बाय ९ फूट. मी आत्ता बसलोय ती खोली साधारण तेवढीच आहे. इथे मी, कॅमेरा, दोन लाइट आणि बायकोची शिवणाची मशीन मावते, बस. तर त्या खोक्यावर फलक काय लावला? 'महाशियां दी हट्टी, सियालकोट, देगी मिर्चवाले'. विचार करा. शहर दिल्ली, दुकान दिल्लीत, आणि फलकावर गाव सियालकोट! कशाला? कारण करोल बाग तेव्हा पश्चिम पंजाबातून आलेल्या लोकांनी भरत चालली होती. त्या गर्दीत ज्याने सियालकोट पाहिलंय, त्याला ही हट्टी वेगळी समजावून सांगायची गरज नाही. गिऱ्हाईकही निर्वासित, दुकानदारही निर्वासित, आणि मधलं नाव आधीपासून ओळखीचं. हे भांडवल त्या १५०० रुपयांत कुठे मोजलंय?

आणि नाव का महत्त्वाचं, हे मसाल्याच्या धंद्यातच नीट कळतं. आमच्याकडे उन्हाळ्यात डंकावर मसाला कांडायला जायचो. आजी मिरच्या, धणे, खोबरं सगळं भाजून डब्यात भरून न्यायची आणि रांगेत उभी राहायची. आपला नंबर आला की डंकवाल्याला सांगायची, पहिली मूठभर बाजूला काढ. का, तर आधीच्या बाईचा मसाला यंत्रात अडकलेला असतो, तो आपल्यात नको. मग पदर नाकाला लावून, शिंकत शिंकत, शेवटच्या चिमटीपर्यंत तिथेच उभी. डोळ्यांतून पाणी येतंय, पण बाई हलायची नाही. मी तिला म्हणायचो, चल गं, सावलीत बस. छे!

आता मला सांगा, जी बाई समोर उभी राहूनही डंकवाल्यावर विश्वास ठेवत नाही, ती कोणा परक्याने बंद खोलीत दळलेली पूड विकत का घेईल? अख्खी मिरची हातात घेऊन बघता येते, देठ बघता येतो, वास घेता येतो. एकदा दळली की संपलं. विटेची भुकटी आहे, भुसा आहे, रंग आहे, डोळ्यांना काय कळणार? दळलेला मसाला विकणारा माणूस खरं म्हणजे 'मी काही मिसळलेलं नाही' हा शब्द विकत असतो. तो शब्द सियालकोटच्या दुकानाने आधीच कमावून ठेवला होता.

देगी मिरचीबद्दल विचारणाऱ्यांसाठी, आणि ते बरेच आहेत: देगी मिरची म्हणजे रंग भरपूर, तिखटपणा बेताचा. कोल्हापूरकरांनी लगेच नाकं मुरडू नयेत. कोणत्या मिरच्या घ्यायच्या, किती प्रमाणात एकत्र करायच्या, किती वाळवायच्या, दळताना गरम होऊ न देता वास कसा टिकवायचा, हे हाताने शिकायचं काम आहे. ते त्यांना वडिलांच्या दुकानात शिकायला मिळालं.

तिसरी बाजू, आणि ही माझी सगळ्यात आवडती. दुकानात कायमचं बसण्याआधी या माणसाने काय काय केलं माहितीये? १९३७ मध्ये वडिलांच्या मदतीने आरशांचा छोटा धंदा. मग साबण. मग सुतारकाम. कापड, हार्डवेअर, तांदळाचा व्यापार. एकातही रमले नाहीत, शेवटी घरच्या मसाल्यावर आले. आरशात नाही, साबणात नाही, मसाल्यातच का जमलं? माणूस तोच, मेहनत तीच, शिक्षणही तेवढंच. फरक एवढाच की मसाल्यात वडील आधी जाऊन आलेले होते.

म्हणून, बारावी सोडणाऱ्या बाळा, शाळा सोडल्यामुळे ते मोठे झाले नाहीत. शाळा सुटल्यावर त्यांना दुसरी शाळा मिळाली, तिची फी वडिलांनी भरली. तुझ्या घरात १९१९ पासूनचं दुकान असेल तर बोल माझ्याशी.

"मग त्यांचं स्वतःचं काय?" असं एका ताईंनी विचारलंय, रास्त आहे. पुष्कळ आहे. १९५३ ला चांदनी चौकात दुसरं दुकान, १९५९ ला कीर्तिनगरला जागा घेऊन स्वतःचा कारखाना. कारखाना ही मला सगळ्यात मोठी उडी वाटते. दळण दुसऱ्याच्या हातात असेल तर तुमचा शब्दही त्याच्याच हातात असतो. आजीची ती रांग आठवा. धर्मपालजींनी डंकच आपल्या घरात आणला.

आणि जाहिरात! त्यांनीच मुलाखतीत सांगितलेलं आहे की नवरीच्या बापाचं काम करणारा नट आला नाही, म्हणून हेच उभे राहिले, पैसेही वाचले. मग पुढची कित्येक वर्षं तेच. सिनेमातले हिरो बदलले, हे आजोबा बदलले नाहीत. २०१६-१७ मध्ये त्यांचा पगार २१ कोटींच्या वर होता, रोजच्या वापराचा माल विकणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांमध्ये सर्वांत जास्त. वय ९४! पगाराचा मोठा भाग दानात जातो असं ते सांगायचे. आईच्या नावाने जनकपुरीत माता चानन देवी हॉस्पिटल उभं केलं, त्याची सुरुवात १९७५ मध्ये डोळ्यांच्या दहा खाटांपासून झाली होती.

"एमडीएचने किती पैसे दिले?" अशीही कमेंट येणार, मला माहिती आहे. दिले असते तर हा खरखरणारा माइक आधी बदलला असता.

आणि हो, हाँगकाँगचं विचारणारे. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा केंद्राने एमडीएचच्या तीन आणि एव्हरेस्टच्या एका मसाल्यात इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं सांगितलं आणि विक्री थांबवायला लावली. हे निर्जंतुक करायला वापरलं जाणारं रसायन, कर्करोगकारक म्हणून नोंदलेलं. एमडीएचने आरोप नाकारले. तेव्हा धर्मपालजी नव्हते, कंपनी पुढच्या पिढीकडे होती. 'आजोबा असते तर असं झालं नसतं' असं काही लोक लिहितात. मला त्यात दम वाटत नाही. एका खोक्यात मालक प्रत्येक पोत्यात हात घालून बघू शकतो. देशोदेशी माल जायला लागला की तपासणी प्रयोगशाळेचीच लागते, पाकिटावर फोटो कोणाचाही असो.

पुढचा व्हिडिओ आपल्या पुण्यातल्या प्रवीण मसालेवाल्यांवर, १९६२ पासूनची गोष्ट, हुकमीचंद चोरडिया आणि कमलबाई. त्यात कांदा-लसूण मसाल्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, तयारीत राहा. आणि तुमच्या घरी अजून डंकावर जात असतील तर पहिली मूठ बाजूला काढता का, तेवढं कमेंटमध्ये लिहा. आमच्या घरात यावरून अजून वाद चालू आहे.