ब्रेव्हेमध्ये एनर्जी ड्रिंक नेमके केव्हा प्यावे?

नमस्कार. 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे वेळेचे बंधन असलेली लांब पल्ल्याची सायकल राइड, साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, आणि पहाटे सुरुवातीच्या ठिकाणीच एनर्जी ड्रिंकचा कॅन उघडून मोकळे होणारे सायकलस्वार मला दरवेळी भेटतात. त्यांची घाई मला खटकते.

दीर्घ श्रमात मेंदूमध्ये अ‍ॅडेनोसिन हे रसायन साठत जाते आणि थकवा जाणवू लागतो. कॅफीन अ‍ॅडेनोसिनच्या मेंदूतील चिकटण्याच्या जागा अडवते, त्यामुळे तोच चढ थोडा सोपा वाटतो. अभ्यासांत बहुधा वजनाच्या दर किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅम कॅफीन दिले जाते. आता हा 250 मिलिलिटरचा कॅन पाहा. भारतीय नियमानुसार अशा पेयात लिटरमागे जास्तीत जास्त 300 मिलिग्रॅम कॅफीन चालते, म्हणजे या कॅनमध्ये फार तर 75. साठ किलोच्या माणसाला किमान 180 मिलिग्रॅम हवे असेल, तर जवळजवळ अडीच कॅन लागतील, आणि लेबलवर तर दिवसाला 500 मिलिलिटरची मर्यादा छापलेली आहे. शिवाय अशा बहुतेक पेयांत 100 मिलिलिटरमागे सुमारे 11 ग्रॅम साखर असते. इतके गोड पेय घाटात, उन्हात, पोटात जड होऊन बसते.

2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 500 मिलिलिटर रेड बुल प्यायलेल्या सायकलपटूंनी सुमारे तासाभराची टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाविरुद्ध करायची शर्यत) 4.7 टक्के कमी वेळात पूर्ण केली. मात्र तुलनेसाठी दिलेल्या पेयात साखरही नव्हती, त्यामुळे श्रेय कॅफीनचे की साखरेचे, हे त्यावरून ठरवता येत नाही.

मला अधिक मोलाचा वाटतो तो 2002 चा ऑस्ट्रेलियन अभ्यास. दोन तासांच्या सायकलिंगच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या टाइम ट्रायलमध्ये स्पोर्ट्स ड्रिंकऐवजी साधा कोला दिला, तेव्हा किलोमागे अवघ्या दीड मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन पोटात जाऊनही कामगिरी सुमारे 3 टक्क्यांनी सुधारली. थोडे कॅफीन, पण उशिरा: ब्रेव्हेला हेच लागू पडते.

परिणाम जाणवायला साधारण अर्धा ते एक तास लागतो, आणि निम्मे कॅफीन शरीरातून जायला सुमारे पाच तास. म्हणून ज्यांना रात्री झोपायचे आहे त्यांनी संध्याकाळनंतर ते टाळावे. ज्यांना धडधड होते, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. प्रयोग करायचाच तर सरावाच्या राइडमध्ये करावा. मी स्वतः सकाळी साध्या पाण्यावर आणि केळ्यांवर निघतो, आणि कॅन 150 किलोमीटरपर्यंत हँडलबार बॅगेत तसाच राहू देतो.