'बोट लागली' म्हणून गप्प बसू नका

(एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलीआधीच्या बैठकीत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादन करून.)

नमस्कार. पुढच्या महिन्यात तुमच्यातले बरेच जण क्रूझवर निघालेत. मी बारा वर्षं प्रवासी जहाजांवर नर्स होते. काय बघायचं ते टूरवाले सांगतीलच, मी पोटाबद्दल बोलणार आहे.

इथल्या काहींनी लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने प्रवास केला असेल. तेव्हापासून आपल्या तोंडात एक शब्द बसलाय, 'बोट लागली'. उलटी झाली की बोट लागली. हातात लिंबू द्यायचं, हुंगायला सांगायचं, आणि बंदर आलं की आपोआप बरं वाटायचं. आजच्या मोठ्या जहाजांवर याच शब्दामुळे माणसं आजार अंगावर काढतात.

भूमध्य समुद्रातल्या एका सफरीत आमच्याकडे पुण्याकडचा ग्रुप होता. त्यातल्या एक आजी, सत्तरीच्या पुढच्या. रात्री दोनदा उलटी, पहाटेपासून जुलाब. आजोबा म्हणाले, बोट लागलीय, आलं चघळ. त्या रात्री समुद्र ताटातल्या पाण्यासारखा स्थिर होता. दुसऱ्या दिवशी रोम होतं. बंदरापासून शहर चांगलं लांब, बसने जायचं. वाटेत संडासला लागू नये म्हणून आजींनी दिवसभर पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. संध्याकाळी त्यांना व्हीलचेअरवरून आमच्याकडे आणलं तेव्हा जीभ लाकडासारखी कोरडी, डोळे खोल गेलेले, नाडी धावत होती. सलाईन लावताना मी विचारलं, आजी, सकाळीच का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "मग खोलीत बसवलं असतं ना गं. मुलाने एवढे पैसे भरलेत, रोम राहिलं असतं."

त्यांच्यावर रागवायचं कसं? पण त्याच बसमधले, त्याच टेबलावरचे आणखी सहा जण दोन दिवसांत आमच्याकडे आले.

बोट लागते तेव्हा जहाज हलत असतं. तोंड पांढरं पडतं, गार घाम येतो, मळमळतं, उलटी होते. जुलाब होत नाहीत, ताप येत नाही. जुलाब आले, पोटात मुरडा आला, अंग मोडून आलं, तर ती बोट नव्हे. जहाजावर बहुतेक वेळा तो नोरोव्हायरस असतो. अमेरिकेत ओहायोमधल्या नॉरवॉक गावी १९६८ साली एका शाळेत साथ आली होती, त्या गावावरून हे नाव पडलं. लागण झाल्यावर साधारण १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो आणि एक ते तीन दिवसांत माणूस बरा होतो. तरण्या माणसाला तो थकवून सोडतो. आपल्या वयात अंगातलं पाणी झपाट्याने उतरतं, भीती त्याची.

हा विषाणू फार चिवट आहे. मोजके कण पोटात गेले तरी पुरतात. लिफ्टचं बटण, जिन्याचा कठडा, बफेतला वाढायचा डाव, सगळीकडे तो टिकतो. बरं वाटल्यावरही दोन आठवडे किंवा जास्त काळ शौचातून बाहेर पडत राहतो. आणि तुम्ही बाटलीतून हातावर घेता ते सॅनिटायझर त्याच्यावर नीट चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद. जेवणघराच्या दारात कोणी सॅनिटायझर दिलं तर घ्या, पण त्याआधी बेसिनवर जाऊन या.

जानेवारी २०१४ मध्ये 'एक्सप्लोरर ऑफ द सीज' ही बोट सफर अर्धवट टाकून न्यू जर्सीला परतली. ३,०७१ प्रवाशांपैकी ६३४ आजारी, शिवाय कर्मचारी ५५. आकडे ऐकून घाबरू नका. अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या एकूण साथींत जहाजांवरच्या साथी शंभरात एखादीच. रुग्णालयं, वृद्धाश्रम, शाळा, उपाहारगृहं इथे त्या कितीतरी जास्त होतात. जहाजाचं नाव खराब होतं, कारण तिथे मोजदाद होते. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा जहाज-स्वच्छता कार्यक्रम १९७५ पासून चालू आहे. न सांगता येऊन तपासणी करतात, शंभरपैकी ८५ किंवा कमी गुण मिळाले तर जहाज नापास. प्रवासी किंवा कर्मचारी यांच्यातले तीन टक्के लोक पोटाने आजारी पडले की वेगळी खबर द्यावी लागते. पण हे सगळं चालतं आमच्या रजिस्टरवर. आजी आमच्यापर्यंत आल्याच नाहीत, तर रजिस्टरमध्ये काय लिहिणार?

आता जेवणाबद्दल. आजारी माणूस शेवटच्या जेवणावर खापर फोडतो. 'दुपारचे प्रॉन्स बाधले' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! खरं कारण बहुधा आदल्या दिवशीचं असतं आणि अनेकदा ते जेवणातलं नसतंच. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत जोरात उलट्या झाल्या, तर मात्र अन्नात तयार झालेल्या विषाचा संशय घ्यावा. गरम ठेवलेला भात कोमट झाला की असं होऊ शकतं, आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून जहाजाच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, थर्मामीटर घेऊन फिरतात: गरम पदार्थ ५७ अंशांच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली. बफेत ज्या पदार्थातून वाफ निघत नाही तो घेऊ नका. किनाऱ्यावर उतरल्यावर बर्फ, चिरून ठेवलेली फळं आणि कच्चे शिंपले टाळा.

एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. गॅलीत रत्नागिरीकडचा एक मुलगा होता, बावीस-तेवीस वर्षांचा. मध्यरात्री माझ्याकडे आला, दारातच उभा राहिला. म्हणाला, "ताई, दोनदा पातळ झालीय. लिहू नका ना." जेवण हाताळणाऱ्याला बरं झाल्यावरही ४८ तास कामावर घेत नाहीत. पोराला वाटलं, आपली जागा जाईल. पहिलंच कंत्राट, गावी बहिणीचं लग्न ठरलेलं. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि त्याच्यासमोर नोंद केली. तीन दिवस रोज त्याच्या केबिनच्या दाराशी पेज ठेवून येत होते. जागा गेली नाही. पण तो आला नसता तर सकाळी सहाला हजार माणसांची फळं चिरायला उभा राहिला असता. जहाजावर जेवण वाढणाऱ्या, केबिन साफ करणाऱ्या मुलांत तुम्हाला आपले कोकणातले, गोव्याचे, वसईचे भेटतील. तुमच्या केबिनमधली उलटी पुसायला तेच येतात. म्हणून तिथे टॉवेल टाकून झाकू नका, फोन करा. ते क्लोरीन घेऊन येतात, नळाची तोटी, टीव्हीचा रिमोट, दाराची मूठ, सगळं पुसून काढतात.

तर करायचं काय? पहिल्या जुलाबालाच केबिनमधून मेडिकल सेंटरला फोन. चालत जाऊ नका, ते सांगतील तसं करा. सोबत नेलेली जुलाब थांबवायची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. जहाजावरही ती डॉक्टरांकडूनच मिळते, दुकानात विकायची नाही असा नियम आहे. बीपीची, लघवी वाढवणारी किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर सांगा, कारण अंगातलं पाणी उतरलं असताना काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. ते डॉक्टर ठरवतील. शौचात रक्त, चक्कर, सहा-सात तास लघवी नाही, यातलं काहीही असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा.

आणि पाणी. ओआरएसची पाकिटं प्रत्येकाने चार-पाच घ्या. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे हजारो रुग्ण वाचवले. सलाईन संपत आलं होतं, म्हणून पिंपात कालवून नातेवाईकांच्याच हातून पाजलं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, मग चमचा-चमचा. गटागटा प्यायलं की परत बाहेर येतं.

पाकीट नसेल तर घरचं. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सपाट म्हणजे बोटाने वरचं काढून टाकलेला. मीठ जास्त झालं तर अपाय होतो. बाटली, चमचा, डबे मी इथे टेबलावर मांडलेत. तुमच्यातल्या दोघी-तिघी पुढे या, आपण आत्ताच करून, चाखून बघू. अश्रूपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं आणि पुन्हा करायचं.