हेन्रिक स्टेन्सन : दोनदा हरवलेला स्विंग

(दृश्य : हिरवंगार गोल्फ मैदान, दूरवर फडकणारे झेंडे.)

आयर्लंड, जुलै २००१. के क्लबवर युरोपियन ओपनची पहिली फेरी सुरू आहे. पंचवीस वर्षांचा एक उंचापुरा स्वीडिश खेळाडू नऊ होल खेळतो आणि उरलेले नऊ न खेळताच मैदान सोडतो. टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, मारलेला चेंडू कुठे जाईल, हे आता त्याचं त्यालाच सांगता येत नाही.

नवल याचं, की दोनच महिन्यांपूर्वी याच हेन्रिक स्टेन्सनने इंग्लंडमध्ये, द बेल्फ्रीच्या मैदानावर, युरोपियन टूरवरचं पहिलं विजेतेपद मिळवलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी दुय्यम समजल्या जाणाऱ्या चॅलेंज टूरच्या गुणवत्ता यादीत तो पहिला आला होता. योटेबोरी शहरात १९७६ साली जन्मलेल्या या मुलाकडे स्वीडनचं लक्ष लागलेलं होतं.

आणि मग स्विंग गेला, चेंडू मारताना काठी फिरवण्याची ती लय.

फॉर्म जाणं वेगळं. फॉर्म गेलेल्या फलंदाजाला निदान बॅट कशी धरायची हे आठवतं. स्टेन्सनच्या हातून ड्रायव्हरचा, म्हणजे लांब फटक्याच्या काठीचा, फटका सुटला की चेंडू कधी डावीकडच्या झाडीत जाई, कधी उजवीकडच्या. चूक एकाच बाजूला होत असेल तर तिचा हिशेब करून खेळता येतं. दोन्ही बाजूंना होऊ लागली की निशाणा धरायला जागाच उरत नाही. जागतिक क्रमवारीत तो सहाशेच्याही खाली गेला.

(दृश्य : सरावाचं मैदान. एकटा खेळाडू, शेजारी चेंडूंची बादली.)

प्रशिक्षक पीट कोवेन यांनी त्याचा स्विंग मुळापासून बांधायला घेतला. मनाची बाजू टॉर्स्टेन हॅन्सन यांनी सांभाळली. स्टेन्सन या काळात डोळे मिटून चेंडू मारण्याचा सराव करत असे. चेंडू कुठे पडला हे बघायचंच नाही. फटका कसा लागला, ते हातांना कळू द्यायचं. ऐकायला हे थोडं साधूबुवांच्या उपदेशासारखं वाटतं, पण उपयोग झाला. २००४ मध्ये, तीन वर्षांनी, तो पुन्हा जिंकला.

२००६ चा रायडर कप, म्हणजे युरोप विरुद्ध अमेरिका, के क्लबवरच होता. शेवटच्या दिवशी स्टेन्सनसमोर होता व्हॉन टेलर. स्टेन्सनचा पट, म्हणजे होलजवळचा हलका फटका, होलमध्ये गेला आणि युरोपच्या विजयावर शिक्कामोर्तब झालं. पटकथालेखकाने असं लिहून आणलं असतं, तर निर्मात्याने ‘फारच जुळवून आणलंय’ म्हणून परत पाठवलं असतं.

(दृश्य : अमेरिकेतील मैदानं, प्रेक्षकांची गर्दी.)

२००७ मध्ये दुबई डेझर्ट क्लासिक आणि वर्ल्ड गोल्फ चॅम्पियनशिप्समधली मॅच प्ले स्पर्धा. २००९ च्या मे महिन्यात प्लेयर्स चॅम्पियनशिप, शेवटच्या फेरीत ६६ फटके आणि एकूण चार फटके कमी घेऊन विजय. कॅडी होती फॅनी सुनेसन. निक फाल्डोच्या मोठ्या विजयांमध्ये त्याची बॅग उचलणारी, तीच. याच वर्षी मायामीजवळच्या डोरालमध्ये चेंडू चिखलात रुतला, तेव्हा कपडे खराब होऊ नयेत म्हणून स्टेन्सन अंतर्वस्त्रावर उतरून खेळला होता. ते छायाचित्र जगभर फिरलं.

ते वर्ष वरवर असं हसतंखेळतं दिसत होतं, पण त्याच वर्षी एक मोठा फटका त्याला बसला होता. ॲलन स्टॅनफर्ड हे नाव आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना आठवत असेल : डॉलरची पेटी घेऊन लॉर्ड्सवर हेलिकॉप्टरने उतरलेला गृहस्थ. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याचा गुंतवणूक घोटाळा उघड झाला. पुढे त्याला ११० वर्षांची शिक्षा झाली. हा स्टॅनफर्ड समूह स्टेन्सनचा प्रायोजक होता, आणि स्टेन्सनच्या बचतीतली मोठी रक्कमही तिथेच अडकली होती. ती बुडाली.

खेळ पुन्हा घसरू लागला. २०१२ मध्ये तो क्रमवारीत दोनशेच्या खाली होता. एकदा हरवलेलं सापडलं की माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. तेच दुसऱ्यांदा हरवलं, तर आधीच्या सापडण्यावरचाही विश्वास उडतो. स्टेन्सनच्या कारकिर्दीतला सगळ्यात अवघड काळ मला हाच वाटतो, के क्लबचे ते नऊ होल नव्हेत.

२०१३ च्या उन्हाळ्यात मात्र चित्र पालटलं. मुइरफिल्डच्या ब्रिटिश ओपनमध्ये तो दुसरा आला, अमेरिकेच्या फिल मिकेलसनच्या तीन फटके मागे. पाठोपाठ पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तिसरा. मग अमेरिकेत दोन विजेतेपदं आणि त्यांच्या जोरावर फेडएक्स कप, म्हणजे अमेरिकी मोसमाचं एकूण विजेतेपद, एक कोटी डॉलरच्या बोनससह. नोव्हेंबरात दुबईतली अंतिम स्पर्धा जिंकून युरोपच्या मोसमाचं असंच विजेतेपद, ‘रेस टू दुबई’ही त्याने खिशात घातली. एकाच मोसमात हे दोन्ही मिळवणारा तो पहिला खेळाडू. त्याला सगळे ‘आइसमन’ म्हणतात. पण त्याच मोसमात चिडून या आइसमनने एक ड्रायव्हर मोडला होता आणि क्लबच्या लॉकरचंही नुकसान केलं होतं. नंतर त्याने माफी मागितली.

(दृश्य : स्कॉटलंडचा किनारा, वारा, राखाडी आकाश.)

१७ जुलै २०१६. रॉयल ट्रून. ब्रिटिश ओपनची शेवटची फेरी. स्टेन्सन चाळीस वर्षांचा आहे आणि एका फटक्याने आघाडीवर आहे. सोबत खेळतोय तोच मिकेलसन.

पहिल्याच होलवर मिकेलसनची बर्डी, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी. स्टेन्सनची बोगी, एक जास्त. आघाडी गेली. स्टेन्सनचं उत्तर : दुसरा, तिसरा, चौथा, सलग तीन होलवर बर्डी. चौथ्यावर मिकेलसनचा ईगल, म्हणजे दोन कमी. पुढे कोणीच हटायला तयार नाही. अकराव्या होलवर स्टेन्सनला तीन पट लागले आणि दोघे पुन्हा बरोबरीत आले.

निकाल लावला तो चौदा, पंधरा आणि सोळा या होलनी. चौदाव्यावर बर्डी. पंधराव्यावर ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, बाहेरून, सुमारे पन्नास फुटांवरून पटर चालवला आणि चेंडू थेट आत गेला. सोळाव्यावर आणखी एक. अठराव्यावर टीवरचा फटका बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, अगदी अलीकडे थांबला. त्यानंतर शेवटचा पट. दहावी बर्डी. दिवसाचे फटके ६३.

मिकेलसनने त्या दिवशी ६५ फटके घेतले, एकही बोगी न करता. त्याची चार फेऱ्यांची बेरीज २६७ झाली. ग्रेग नॉर्मनने १९९३ मध्ये याच स्पर्धेत केलेला विक्रम तेवढाच होता. म्हणजे मिकेलसनने विक्रमाची बरोबरी केली आणि तरी तो हरला. स्टेन्सनची बेरीज २६४. अंतर पुन्हा तीन फटक्यांचं, या वेळी उलट्या बाजूने. तिसरा आलेला जे. बी. होम्स स्टेन्सनपेक्षा चौदा फटके मागे होता. ट्रूनपासून जवळच असलेल्या टर्नबेरीवर १९७७ मध्ये टॉम वॉटसन आणि जॅक निक्लॉस यांची अशीच झुंज झाली होती. खुद्द निक्लॉस यांनीच सांगितलं, की ट्रूनची झुंज आमच्यापेक्षा सरस होती.

स्वीडनच्या महिलांनी मोठ्या, म्हणजे ‘मेजर’, स्पर्धा १९८८ पासूनच जिंकायला सुरुवात केली होती. ॲनिका सोरेनस्टॅमने तर एकटीने दहा जिंकल्या. पुरुषांची पाटी मात्र कोरी होती. १९९४ मध्ये येस्पर पार्नेविक टर्नबेरीवर अगदी शेवटच्या होलपर्यंत पुढे होता आणि एका फटक्याने हुकला. बावीस वर्षांनी ती पाटी भरली. महिनाभरातच रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टेन्सन रौप्यपदक जिंकला. सुवर्ण जस्टिन रोझला शेवटच्या होलवर मिळालं.

(दृश्य : पत्रकार परिषदेचं सभागृह.)

मार्च २०२२ मध्ये रोमच्या रायडर कपसाठी त्याची कर्णधार म्हणून निवड झाली. हा मान मिळालेला पहिला स्वीडिश खेळाडू. चार महिन्यांनी त्याने सौदी पैशावर उभ्या राहिलेल्या लिव्ह गोल्फ या प्रतिस्पर्धी मालिकेची वाट धरली आणि कर्णधारपद काढून घेतलं गेलं. लिव्हमधली आपली पहिलीच स्पर्धा त्याने जिंकली, बक्षीस चाळीस लाख डॉलर. टीका भरपूर झाली आणि ती अनाठायी नव्हती. त्याने कर्णधारपदाच्या करारावर सही केली होती. पण आयुष्याची बचत एकदा बुडालेल्या माणसाच्या पैशाकडे बघण्याच्या नजरेबद्दल बोलताना मी तरी थोडा जपून बोलेन.

रोममध्ये २०२३ ला युरोप जिंकलं. कर्णधार होता ल्यूक डोनाल्ड, २००६ च्या के क्लबच्या संघातला स्टेन्सनचा सहकारी. त्याने संघात एक स्वीडिश मुलगा घेतला, लुडविग ओबेरी. वय तेवीस, व्यावसायिक होऊन काही महिनेच झालेले, एकही मेजर स्पर्धा खेळलेला नाही. नॉर्वेच्या व्हिक्टर हॉवलंडसोबत खेळताना त्याने स्कॉटी शेफलर आणि ब्रूक्स केप्का यांना नऊ होलच्या फरकाने हरवलं, तेव्हा मैदानावरचे सात होल अजून खेळायचेच होते.