डबघाईला आलेली शाळा सावरताना

श्रोतेहो, नमस्कार.

डबघाईला आलेल्या शाळेत नवे मुख्याध्यापक रुजू झाले की बऱ्याचदा आधी भिंती रंगतात आणि मग शिक्षकांची लांबलचक सभा होते. यात वाईट काही नाही. पण मुलांचं वाचन यानं सुधारत नाही. शाळा सावरते ती वर्गात. म्हणून मुख्याध्यापकांनी आधी वर्गापर्यंत पोहोचायला हवं.

सुरुवात घड्याळापासून करावी. दिवसाला 40 मिनिटांच्या आठ तासिका धरू. शिक्षक येईपर्यंत, फळा पुसेपर्यंत, वह्या निघेपर्यंत दर तासिकेची पाच मिनिटं गेली, तर पाच आठे चाळीस. रोज एक अख्खी तासिका बुडाली. वर्षाचे 200 दिवस धरले, तर हे 25 दिवस शाळा बंद ठेवल्यासारखंच झालं. यात शिक्षकांचा आळस असतोच असं नाही. तळमजल्यावरचा तास संपवून लगेच दुसऱ्या मजल्यावर पोहोचायचं असेल, तर पाच मिनिटं जाणारच. ही चूक वेळापत्रकाची आहे, आणि वेळापत्रक मुख्याध्यापकांच्याच हातात असतं. लागोपाठचे तास जवळच्या वर्गांत लावावेत. सूचनावही तास चालू असताना फिरवू नये, सूचना परिपाठातच द्याव्यात. आणि पहिला महिनाभर प्रत्येक तासिका बदलताना मुख्याध्यापकांनी व्हरांड्यात उभं राहावं. कुणावर ओरडायची गरज नाही, नुसतं उभं राहावं.

नंतर हजेरीपट. वर्गाची रोजची बेरीज आपण उभी करतो, पण हजेरीपट आडवा वाचायला हवा, एकेका मुलाच्या नावापुढची ओळ धरून. 40 मुलांच्या वर्गाची सरासरी हजेरी 90 टक्के दिसते आणि त्याच वर्गातली चार मुलं निम्मं वर्ष घरी असू शकतात. सरासरीत ती दिसतच नाहीत. गैरहजेरीच्या तिसऱ्या दिवशी, मधल्या सुट्टीच्या आत, वर्गशिक्षकांनी घरी फोन करावा आणि ‘काय झालं?’ असं विचारावं. ‘का पाठवत नाही?’ असं विचारलं की पालक पुढच्या वेळी फोनच घेत नाहीत.

आता सर्वांत जड काम: कोणतं मूल किती वाचू शकतं हे शोधणं. अक्षर, शब्द, वाक्य, छोटा उतारा, मोठा उतारा अशा पाच पायऱ्या कराव्यात आणि प्रत्येक मुलाला एकटं बसवून वाचायला लावावं. एका मुलाला चार मिनिटं लागतात, म्हणजे 40 मुलांच्या वर्गाला दोन तास चाळीस मिनिटं. उतारा पाठ्यपुस्तकातला मुळीच घेऊ नये. धडा पाठ झालेलं मूल घडाघडा ‘वाचतं’. नीट पाहिलं तर बोट तिसऱ्या ओळीवर असतं आणि तोंडात चौथी ओळ! चाचणी घेणारे शिक्षकही दुसऱ्या वर्गाचे असावेत. आपल्या मुलाचा अडखळलेला शब्द आपले कान नकळत पुरा करतात. यानंतर रोजची एक तासिका इयत्तेनुसार न घेता पायरीनुसार गट करून घ्यावी. इथे एक घात होतो. या निकालावरून शिक्षकांना जाब विचारला, की पुढच्या वेळी सगळी मुलं कागदावर एक पायरी वर चढतात. तो निकाल मग कशाच्याच कामाचा राहत नाही.

वर्गनिरीक्षणाला वीस मिनिटं पुरतात. मागच्या बाकावर बसावं आणि मुलाची वही उघडावी. गणित चुकलेलं आणि खाली लाल टिकमार्क दिसला, तर वह्या तपासल्या जातात पण वाचल्या जात नाहीत, एवढं तिथेच कळतं. शिक्षकांशी त्याच दिवशी, एकांतात आणि एकाच मुद्द्यावर बोलावं. सात सुधारणांची यादी हातात दिली, तर त्यातली एकही होत नाही.

‘मुलंच तशी आहेत’ हे वाक्य अशा शाळेत रोज कानावर येतं. ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ मायकल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधल्या 12 माध्यमिक शाळांचा अभ्यास केला. तो 1979 साली प्रसिद्ध झाला. मुलांची पार्श्वभूमी लक्षात घेतल्यावरही शाळाशाळांच्या हजेरीत, वर्तनात आणि निकालात मोठा फरक उरत होता. त्याचा संबंध शाळा रोज कशी चालते याच्याशी होता. शिक्षकांना हे सुनावून उपयोग नाही. एका वर्गातली मुलं दोन महिन्यांत एक पायरी चढलेली त्यांना दिसू द्यावीत.

मोह होतो तो शेवटच्या इयत्तेचा. काठावरची मुलं निवडायची, जादा तास घ्यायचे, निकाल वर आणायचा. तो एक वर्ष येतोही. खालच्या इयत्ता मात्र कच्च्याच राहतात आणि पुढच्या वर्षी तो घसरतो.

शिवाय बाई असोत वा सर, मुख्याध्यापक आज ना उद्या बदलून जाणार. म्हणून पहिल्या वर्षापासून हजेरीचे फोन, वाचनचाचणी आणि वेळापत्रक ही तीन कामं तिघांकडे नावानिशी सोपवावीत. मग दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापकांनी आठवडाभर रजा घ्यावी. परत आल्यावर हजेरीपट आडवा वाचावा आणि तिसऱ्या दिवसाचे फोन झाले होते का, तेवढं पाहावं.