कुलाब्याचा झेंडा

[दृश्य: ससून डॉक, होड्यांवरचे झेंडे]

ससून डॉकच्या होड्यांवर झेंडे फडकत असतात. त्यातला कुठलाही एक बघा. काठीचं बूड हा बिंदू, तिथून वर गेलेली काठी ही रेषा, आणि काठीला धरून पसरलेलं कापड हे प्रतल. बिंदू रेषेत, रेषा प्रतलात. एकात एक सामावलेल्या अवकाशांच्या अशा साखळीला गणितात 'फ्लॅग' म्हणतात.

आता अवकाश फिरवा, ताणा, पण झेंडा जागचा हलता कामा नये. ही अट पाळणारी रूपांतरं एकापाठोपाठ केली किंवा उलटवली तरी अट मोडत नाही; अशा संचाला गट म्हणतात, आणि हा गट म्हणजे पॅराबोलिक उपगट. साखळीतली एकही पायरी गाळलेली नसेल, तर तो बोरेल उपगट. आर्मां बोरेल यांच्या १९५६ च्या निबंधाने बैजिक, म्हणजे बहुपदी समीकरणांनी ठरणाऱ्या, गटांच्या अभ्यासाचा पाया घातला, तेव्हा हे नाव रास्तच आहे.

जर्मन गणितज्ञ विल्हेल्म किलिंग यांच्या वाट्याला असा न्याय आला नाही.

[दृश्य: जुन्या निबंधांची पानं]

ली गट म्हणजे सलग होत जाणाऱ्या बदलांचा गट, आणि ली अल्जिब्रा म्हणजे त्यातल्या अतिसूक्ष्म बदलांचा हिशेब. पूर्व प्रशियातल्या ब्राउन्सबर्ग या लहान गावात शिकवणाऱ्या किलिंग यांनी १८८८ ते १८९० या काळात सिंपल, म्हणजे आणखी लहान घटकांत न फुटणाऱ्या, ली अल्जिब्रांचं वर्गीकरण छापलं: चार अनंत कुळं आणि मोजके अपवाद. त्या अपवादांतला सगळ्यात मोठा, ई-आठ, २४८ मितींचा आहे. सिद्धतांतल्या उणिवा एली कार्तां यांनी १८९४ च्या प्रबंधात भरून काढल्या. पण आज विद्यार्थी 'कार्तां सबअल्जिब्रा' म्हणतात ती कल्पना किलिंग यांची. 'कार्तां मॅट्रिक्स' (अल्जिब्राची रचना सांगणारा आकड्यांचा तक्ता) आणि 'वाइल ग्रुप' (तिच्यामागच्या परावर्तनांचा गट) यांचं मूळही त्यांच्याच लिखाणात सापडतं. उलट 'किलिंग फॉर्म'चा, म्हणजे अल्जिब्रातल्या दोन घटकांना एक संख्या जोडणाऱ्या सूत्राचा, खरा उपयोग केला तो कार्तां यांनी! खुद्द 'ली अल्जिब्रा' हे नावही सोफस ली यांनी ऐकलं नाही. ते १८९९ मध्ये वारले, आणि हर्मान वाइल यांनी ते रूढ केलं १९३० च्या दशकात. ही नावं आता बदलणार नाहीत, बदलूही नयेत. पण वर्गात ती फळ्यावर लिहिताना किलिंग यांचा उल्लेख व्हायलाच हवा.

[दृश्य: नेव्ही नगर, टाटा मूलभूत संशोधन संस्था]

डॉकपासून आणखी दक्षिणेला, नेव्ही नगरात, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. विक्रम मेहता आणि इथले सी. एस. शेषाद्री यांनी १९८० च्या निबंधात वक्राच्या प्रत्येक बिंदूवर उभ्या केलेल्या अवकाशांचं जुडगं, म्हणजे बंडल, घेतलं, काही बिंदू निवडले, त्या प्रत्येक बिंदूवरच्या अवकाशात, म्हणजे फायबरमध्ये, एकेक फ्लॅग रोवला आणि त्याच्या पायऱ्यांना शून्य ते एकमधली वजनं दिली. हेच 'पॅराबोलिक बंडल'. आज जगभर हा शब्द वापरात आहे. १९८५ मध्ये मेहता आणि ए. रामनाथन यांनी 'फ्रोबेनियस स्प्लिटिंग' हे बैजिक भूमितीतलं, म्हणजे समीकरणांनी ठरणाऱ्या आकारांच्या भूमितीतलं, तंत्र दिलं.

त्याआधी, जानेवारी १९६८ मध्ये, याच संस्थेने बैजिक भूमितीची आंतरराष्ट्रीय परिषद भरवली होती. तिच्या १९६९ मध्ये निघालेल्या ग्रंथात अलेक्झांडर ग्रोथेंडीक यांचा अवघा सात पानांचा निबंध आहे. अशा आकारांविषयीची, सिद्ध न झालेली काही विधानं 'स्टँडर्ड कंजेक्चर्स' या नावाने छापून आली ती त्यातच, आणि त्यांची संपूर्ण सिद्धता अजून कुणाला सापडलेली नाही.