उद्याची क्लासिक: माझदा एमएक्स-५ आणि छपरामागची दोन भोकं

नमस्कार श्रोतेहो.

माझदा म्हटलं की महाराष्ट्रात बऱ्याच जणांना अजूनही स्वराज माझदाची मिनीबस नाहीतर टेम्पो आठवतो. या जपानी कंपनीच्या मोटारी आपल्याकडे रीतसर विक्रीला आल्याच नाहीत. त्यामुळे आज ज्या गाडीबद्दल बोलायचं आहे, ती पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर दिसणं कठीण. पण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांच्या गल्लीत ती नक्की उभी असेल. दोन माणसांची, उघड्या छपराची, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद देणारी माझदा एमएक्स-५. अमेरिकेत तिला मिआटा म्हणतात, जपानमध्ये रोडस्टर.

प्रश्न तिच्या चौथ्या पिढीचा आहे. २०१५ साली विक्रीला आलेली ही पिढी आज जुन्या बाजारात नोकरदार माणसाला परवडते. तीस वर्षांनी हीच गाडी लोक जपून, पुसून, मेळाव्याला नेतील का? माझं उत्तर हो असं आहे. मात्र सगळ्या गाड्या तिथवर पोहोचणार नाहीत, आणि कोणत्या पोहोचतील हे आत्ताच ठरतं आहे.

पहिला आक्षेप नेहमी आकड्यांचा येतो. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिली एमएक्स-५ दाखवली गेली आणि एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. दहा लाखांतली एक गाडी दुर्मीळ कशी होणार, असं लोक विचारतात. त्यांनी एमजीबी पाहावी. आज आपल्याकडे एमजी म्हणजे उंच एसयूव्ही, पण १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये एमजीबी नावाची साधी, स्वस्त स्पोर्ट्स कार पाच लाखांहून जास्त बनली. ती आज क्लासिक आहे, आणि ती भरपूर बनली म्हणूनच टिकली. गाड्या भरपूर असल्या की सुट्या भागांना गिऱ्हाईक असतं, आणि गिऱ्हाईक असलं की कोणीतरी भाग बनवत राहतं. एमजीबीची अख्खी नवी बॉडी १९८८ पासून पुन्हा बनायला लागली. मोजक्या शंभर गाड्या निघालेल्या मॉडेलच्या मालकाला असलं भाग्य लाभत नाही. पुढची काच तडकली तर त्याची गाडी वर्षभर झाकून पडते.

आपल्याच मातीतलं उदाहरण द्यायचं तर पुण्याजवळ रांजणगावला बनलेली फियाटची अबार्थ पुंतो घ्या. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, २०१५ साली आली आणि थोड्याच निघाल्या. चाहते आजही तिच्यावर जीव टाकतात. पण ती ठेवायची तर नुसतं प्रेम पुरत नाही, भाग शोधण्याची चिकाटी लागते.

स्वस्त गाडीचा खरा वैरी म्हणजे तिच्या आयुष्यातला मधला काळ. साधारण पंधराव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत तिची किंमत तळाला असते. दाराखालच्या लांब पोकळ पत्र्याला सिल म्हणतात. दोन्ही सिल कापून नवा पत्रा वेल्ड करायचा खर्च त्या काळात गाडीच्या किमतीएवढा होतो. मालक तिसरा-चौथा असतो, कागद हरवलेले असतात, आणि गाडी भंगारात जाते. पहिल्या दोन पिढ्यांच्या असंख्य गाड्या अशाच गेल्या. त्या कशाने सडल्या हे नीट समजून घेतलं तर चौथी पिढी वाचवता येईल.

सुरुवात छपरापासून करू. कापडी छपराची मागची कड जिथे बॉडीला बसते, तिथे आतून एक पन्हळ असते. छपरावरून झिरपलेलं पाणी या पन्हळीतून दोन्ही कोपऱ्यांत जातं. सीटबेल्टच्या खांबामागे तिथे बोटभर भोक असतं, त्याला नळी जोडलेली असते, आणि ती मागच्या चाकाच्या जरा पुढे, गाडीखाली उघडते. गाडी झाडाखाली उभी राहिली की पानांचा चुरा आणि माती त्या भोकात बसते. मग पाणी काठोकाठ भरून आत सांडतं, कार्पेटखाली मुरतं आणि सिलच्या पोकळीत उतरतं. पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेर रंगाला फुगवटा दिसतो तो मागच्या चाकाच्या कमानीपुढे, सिलच्या शेवटाला, आणि तो दिसेपर्यंत आतला पत्रा बहुधा चाळणी झालेला असतो.

तपासायची रीत सोपी आहे. छप्पर अर्धं उचला, टॉर्च लावून कोपऱ्यातलं भोक शोधा, हाताने आणि व्हॅक्यूमने कचरा काढा. काही पिढ्यांत भोकावर प्लास्टिकची जाळी असते, ती काढून धुवा. मग अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. ते लगेच आणि सलग धारेने गाडीखाली पडलं पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉन दोरी घ्या, टोक मेणबत्तीवर धरून गोल करा आणि नळीत अलगद फिरवत सोडा. लोखंडी तार घालू नका, नळीला भोक पडतं. वरून कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. नळी सांध्यातून निसटली तर पाणी थेट सिलमध्ये जातं आणि बाहेरून काहीच कळत नाही. वर्षातून दोनदा एवढं केलं तरी पुरे. या गाडीसाठी यापेक्षा स्वस्त आणि मोलाचं काम दुसरं नाही.

दुसऱ्या पिढीत, म्हणजे १९९८ ते २००५ च्या गाड्यांत, आणखी एक दुखणं आहे. पुढच्या चॅसी रेल, म्हणजे गाडीखालच्या लांब तुळया, अनेक थरांच्या पत्र्याच्या आहेत, आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं पाणी त्या थरांमध्ये अडकतं. इंग्लंडमधल्या वार्षिक तपासणीत या गाड्या तिथेच नापास होतात. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने रेल ठोकून पाहा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो.

आता चौथी पिढी. जपानमधली सगळ्यात हलकी आवृत्ती ९९० किलोंची आहे. लांबी ३,९१५ मिलिमीटर, म्हणजे १९८९ च्या गाडीपेक्षाही आखूड. एअरबॅगा, अपघात चाचण्या, प्रदूषणाचे नियम हे सगळं सांभाळून एवढं वजन राखणं ही अभियंत्यांची कमाल आहे, आणि ही गाडी क्लासिक होईल असं मला वाटण्याचं मोठं कारण तेच. बॉनेट, डिकीचं झाकण आणि पुढचे मडगार्ड ॲल्युमिनियमचे आहेत. इंजिनाला टर्बो नाही, टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे. १.५ लिटरचं इंजिन १३१ अश्वशक्तीचं. २ लिटरचं आधी १६० चं होतं. २०१८ च्या सुधारणेत ते १८४ वर गेलं आणि मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांपर्यंत फिरायला लागलं. त्याच वेळी स्टिअरिंग पुढे-मागे सरकवायची सोय आली. उंच माणसाने हे आवर्जून लक्षात ठेवावं.

दुखणी हिलाही आहेत. २०१५ ते २०१८ च्या गाड्यांत, विशेषतः २ लिटरच्या, गिअरबॉक्स बिघडल्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीने आतले भाग पुढे सुधारले. विकत घेताना गाडी थंड असताना चालवा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की बारीक घूं घूं आवाज येतो का, ॲक्सिलरेटर सोडला की तो बदलतो का, हे कान देऊन ऐका. गिअरबॉक्स आधी बदलला असेल तर त्याचं बिल मागा. ते बिल असणं ही चांगली गोष्ट आहे. थंड गाडीत गिअर घाईने मारू नयेत, कारण तेल घट्ट असतं आणि सिंक्रो रिंगला, म्हणजे गिअरमधल्या पितळी कड्याला, गती जुळवायला वेळ लागतो.

गिअरबॉक्सचं तेल बदलताना गाडी चारी बाजूंनी सपाट उचलून ठेवा. आधी बाजूचा भरायचा बोल्ट सैल करा, मगच खालचा काढा. उलट केलंत आणि वरचा बोल्ट गंजून अडकलेला निघाला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागतं. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी चिखल असेल तर काळजी नको. नखाएवढे धातूचे तुकडे असतील तर दात गेले आहेत. साधारण दोन लिटर ७५डब्ल्यू-८० तेल लागतं, आणि ते जीएल-४ दर्जाचंच हवं. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची जादा भर पितळी सिंक्रोला मारक ठरू शकते.

चारही पिढ्यांना लागू असलेली एक गोष्ट मात्र फार कमी मालक करतात. चाक धरणाऱ्या खालच्या सस्पेन्शन आर्मला चाकांचे कोन बदलण्यासाठी विकेंद्री चकतीचे, म्हणजे भोक मध्यापासून सरकलेल्या चकतीचे, बोल्ट असतात. रस्त्यावर मीठ टाकतात त्या प्रदेशात ते रबरी बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून चिकटतात. मग अलाइनमेंट होत नाही, टायर आतल्या बाजूने झिजतात, आणि शेवटी बोल्ट कापून आर्मच बदलावा लागतो. गाडी नवी असतानाच एकेका बोल्टची जागा रंगाने खूण करून घ्या, तो काढा, गंजरोधक ग्रीस लावून परत बसवा. अखेरचा ताण मात्र गाडी चाकांवर उभी असताना द्या. लटकत्या चाकांवर आवळलं तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी अलाइनमेंट करून घ्या.

खालच्या बाजूला डांबरासारखं जाड कोटिंग मारून घेण्याचा मोह टाळा. गंजावर ते बसलं की पाणी आत कोंडतं. धुवा, पूर्ण वाळू द्या, सैल गंज तारेच्या ब्रशने काढा आणि पातळ मेण मारा, सिलच्या पोकळीतसुद्धा. गरम हवामानात ते उतरतं, म्हणून दर दोनेक वर्षांनी पुन्हा.

टायरांचं थोडक्यात सांगतो. १.५ ला १९५/५० आर १६, २ लिटरला २०५/४५ आर १७. कमी फिरणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत राहते, पण रबर कडक होतं. बाजूला छापलेले चार आकडे पाहा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

इलेक्ट्रॉनिक्स हा खरा अनिश्चित भाग. पहिल्या पिढीत बिघडलेली वस्तू कुशल मिस्त्री हाताने दुरुस्त करू शकत होता. चौथ्या पिढीत स्टिअरिंग विजेवर चालतं, मध्ये पडदा आहे, आणि बरेच कंट्रोलर, म्हणजे भाग चालवणारे छोटे संगणक, त्याच गाडीशी जुळवलेले असतात. तरी त्यांची संख्या आजच्या इतर गाड्यांच्या मानाने कमी आहे, हे तिच्या पथ्यावर पडेल. पडदा बदललात तर मूळ पडदा फेकू नका. दोन्ही किल्ल्या सांभाळा. मूळ चाकं, सायलेन्सर, स्प्रिंगा काढल्या असतील तर खोक्यात घालून गाडीबरोबरच ठेवा. वीस वर्षांनी मूळ अवस्थेतली गाडीच शोधली जाईल.

भागांच्या बाबतीत माझदाने दिलेला एक दाखला मला फार आश्वासक वाटतो. २०१७ साली कंपनीने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या पूर्ववत करून देण्याची सेवा जाहीर केली. त्यासाठी छप्पर, नार्डीचं लाकडी स्टिअरिंग, इतकंच नव्हे तर ब्रिजस्टोनचे मूळ नमुन्याचे एसएफ३२५ टायरसुद्धा पुन्हा बनवले. कंपनी स्वतःच्या स्वस्त गाडीची एवढी आठवण ठेवते, हे दुर्मीळ आहे.

मग कोणती घ्यावी? माझी पसंती १.५ लिटर, कापडी छप्पर, हाताचे गिअर. जपानमध्ये कापडी छपराची गाडी वर्षानुवर्षं याच इंजिनासह विकली गेली. वजनाचा तोल तिथे सगळ्यात नेमका जमलेला आहे. वेग हवा असेल तर १८४ अश्वशक्तीची घ्या. आरएफ नावाची घडीच्या कडक छपराची आवृत्ती देखणी आहे, पण तिच्या मोटारी आणि कुलपं म्हातारपणी खर्च काढतील. याच सांगाड्यावर हिरोशिमात बनलेली फियाट १२४ स्पायडर कमी दिसते, म्हणून काही जण तिच्यावर पैसे लावतात. मी लावणार नाही. तिचं टर्बो इंजिन आणि बाहेरचा पत्रा वेगळा आहे, आणि तो पत्रा पुढे कोण बनवणार?

कायद्याच्या हिशेबानेही पाहू. जर्मनीत गाडी ३० वर्षांची झाली की ऐतिहासिक नंबरप्लेट मिळू शकते, म्हणजे या पिढीला २०४५ पासून. ब्रिटनमध्ये करमाफी ४० वर्षांनंतर. भारतात २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीला ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात. आणि जी गाडी परदेशात आवडली ती जुनी झाल्यावर घरी आणावी असा बेत असेल, तर सर्वसाधारण नियमाने वापरलेली गाडी आयात करताना ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि वर जबर शुल्क आहे. तेव्हा ती जिथे आहे तिथेच सांभाळावी लागेल.

ज्यांच्या दारात ती उभी आहे, त्यांनी या रविवारी अर्ध्या लिटरची बाटली भरून घ्या. आधी डावं भोक, मग उजवं. पाणी ओतताना दुसऱ्या कुणाला तरी मागच्या चाकाजवळ वाकून बघायला सांगा, किती सेकंदांत धार लागते ते दोन्हीकडे मोजा, आणि तो आकडा तारखेसकट सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी धार उशिरा आली, तर नायलॉनची दोरी काढायची वेळ झाली.

नमस्कार.